टारफुला : जोंधळ्याच्या मुळाशी बसणारा चोर

ज्या जोंधळ्याच्या पोत्यांवर आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्याचे माहेर आफ्रिका खंडात, इथिओपिया व सुदान या देशांच्या परिसरात आहे. तेथून तो प्राचीन काळीच भारतात आला व येथे इतका रुळला की त्यास परका म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. या धान्याच्या एका जुन्या वैऱ्याची, व त्याचा माग काढणाऱ्या विद्वानांची, थोडी माहिती व्यापारी बंधूंपुढे ठेवावी असा विचार आहे. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंतच शिकलेला असल्याने शास्त्रीय भाग समजला तेवढाच सांगेन.

1980 च्या सुमारास मी वडिलांच्या हाताखाली अडतीच्या दुकानात बसू लागलो. आमचा एक जुना कुळवाडी दोन वर्षे उधारी फेडू शकला नाही. तिसऱ्या वर्षी तो धोतराच्या सोग्यात पांढऱ्या फुलांचे एक वीतभर रोप बांधून घेऊन आला व म्हणाला, "अण्णा, ह्यानं माझा जोंधळा खाल्ला." एवढेसे रोप पुरुषभर उंचीचे पीक कसे खाईल, असे म्हणून आम्ही हसलो. त्याचे खाते बंद झाले. ते रोप टारफुल्याचे होते.

टारफुल्याचे बी धुळीच्या कणाएवढे असते. एकेका झाडापासून अशी हजारो बीजे जमिनीत पडतात आणि वीस वीस वर्षे निद्रिस्त राहू शकतात. पाऊस पडला तरी ते बी एकटे उगवत नाही. जवळ जोंधळ्याचे मूळ आले तरच जागे होते. मुळातून पाझरणारे एक द्रव्य हीच त्याची हाक. मग ते मुळास चिकटून आतील रस शोषू लागते. जमिनीवर फूल दिसेपर्यंत बरेचसे नुकसान खालच्या खाली झालेले असते. म्हणूनच खुरपून काही साधत नाही, आणि म्हणूनच आमच्या कुळवाड्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

आता प्रश्न असा की, जोंधळा आपल्या शत्रूस हाक का मारतो? या जातीचे पहिले द्रव्य 1966 साली शोधण्यात आले, तेही कपाशीच्या मुळांतून. कपाशीवर टारफुला जगू शकत नाही; बी फसून उगवते व आधाराविना मरते. पुढे 2005 साली उलगडा झाला की ही हाक मुळात एका मित्र बुरशीसाठी असते. ती बुरशी मुळांशी सख्य करून मातीतील स्फुरद पिकास पोचविते. चोराने तीच हाक ओळखून ठेवली आहे, इतकेच. जमीन जितकी निकस, तितकी हाक मोठी. यास्तव गरीब शेतकऱ्याच्या रानातच टारफुल्याचा सुळसुळाट अधिक. खताला पैसा नाही म्हणून टारफुला, आणि टारफुला म्हणून पैसा नाही, असे हे चक्र आहे.

आफ्रिकेत या वनस्पतीची जांभळट गुलाबी फुलांची थोर बहीण आहे व तिचा उपद्रव आपल्याहून कितीतरी भयंकर आहे. तिच्याशी ज्यांनी झुंज दिली त्यांत डॉ. गेबिसा एजेता यांचे नाव अग्रगण्य होय. 1950 साली इथिओपियातील एका खेड्यात, गवताने शाकारलेल्या झोपडीत त्यांचा जन्म झाला. शाळेसाठी ते दर रविवारी वीस किलोमीटर चालत जात व शुक्रवारी परतत. जिम्मा येथील कृषिशाळेनंतर त्यांनी अलेमाया येथील कृषी महाविद्यालयातून 1973 साली पदवी घेतली. तेच महाविद्यालय आज हरामाया विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. इथिओपियातील जोंधळ्याच्या वाणसुधारणेच्या कार्याचे ते त्या काळी केंद्र होते. तेथून ते अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात गेले व 1978 साली डॉक्टर झाले.

येथे आपल्याशी संबंध येतो. हैदराबादनजीक पाटणचेरू येथे 1972 साली स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेतर्फे एजेता 1979 साली सुदानात रुजू झाले. त्यांनी तयार केलेला हगीन दुरा-1 हा वाण 1983 साली प्रसृत झाला. हगीन म्हणजे संकरित, दुरा म्हणजे जोंधळा. स्थानिक वाणांच्या दीडपट ते अडीचपट उत्पन्न देणारा हा वाण 1999 पर्यंत दहा लक्ष एकरांवर पसरला. परंतु व्यापारी दृष्टीने मला निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. संकरित बी घरच्या कणसातून ठेवता येत नाही, दरवर्षी विकत घ्यावे लागते. ते पिकविणारा, तपासणारा व वेळेवर पोचविणारा कोणी नसेल तर उत्तम वाणही प्रयोगशाळेच्या बरणीत राहतो. सुदानात तशी बियाण्याची व्यवस्था उभी करावी लागली, व एजेतांनी त्यातही लक्ष घातले. पंडितांच्या कामगिरीत सहसा हा भाग कोणी मोजत नाही.

पुढे पर्ड्यूस परतल्यावर त्यांनी व लॅरी बटलर या रसायनशास्त्रज्ञाने ज्यांची हाक क्षीण आहे असे जोंधळे शोधून काढले. त्यांच्या मुळांजवळ टारफुल्याचे बी झोपूनच राहते. अशा वाणांचे आठ टन बियाणे 1994 साली आफ्रिकेतील अनेक देशांत वाटण्यात आले. इथिओपियात गोबिये व अबशीर हे दोन वाण त्यातूनच आले. केवळ बियाण्यावर मात्र त्यांनी भिस्त ठेवली नाही. सरीत पाणी अडवणे व थोडे का होईना खत देणे यांची जोड त्यास दिली. 2009 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार प्राप्त झाला. हाक क्षीण का, याचे आनुवंशिक कारण 2017 साली प्रसिद्ध झाले : एका जनुकातील बिघाडामुळे मुळातील द्रव्याचा प्रकारच बदलतो.

हे सर्व वाचनात आल्यावर मी जुनी खतावणी काढून ते खाते पाहिले. बाकी दोनशे चाळीस रुपये होती. कुळवाडी तर केव्हाच वारला. त्याचा मुलगा बाजारात भेटतो, त्यास मी हे सांगितले. तो म्हणाला, "त्या रानात आम्ही पुढं शेंगाच लावल्या, आठ-दहा वर्षं. मग परत जोंधळा केला तवा ते फूल कमी झालं हुतं." भुईमुगाच्या मुळांपाशीही टारफुल्याचे बी फसून उगवते व मरते, हे त्या घरास कोणी शिकविले नव्हते. खतावणीतील त्या पानावर मी यंदा लाल शाईने बाकी छेकून टाकली आहे.