ग्रेन म्हणजे दाणा नव्हे!

अमेरिका-ब्रिटनमधले बरेच रायफल नेमबाज झाडलेल्या काडतुसाच्या पितळी नळीत पुन्हा पावडर भरतात. (आपल्याकडे काडतूस बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना लागतो हं!) ही पावडर ‘ग्रेन’मध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे पावडरचा दाणा नव्हे, ते वजनाचं एकक आहे. १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४३ ग्रेन.

आता बघा, ०.१ ग्रॅमपर्यंतच मोजणारा स्वयंपाकघरातला काटा वापरला तर दीड ग्रेनचा फरक त्याला कळतच नाही. तेवढ्याने गोळीचा वेग बदलतो आणि हजार यार्डांवर ती वर-खाली लागते. हे एकवेळ चालेल. पण पावडर आधीच कमाल मर्यादेजवळ असेल, तर दाब वाढून रायफल डोळ्यांसमोर फुटू शकते. म्हणून ०.१ ग्रेन दाखवणारा काटा घेतात, तोही ठरावीक वजन ठेवून आधी तपासतात.

गोळीचं वजनही ग्रेनमध्येच असतं. १५५ ग्रेनची गोळी किती ग्रॅमची? काढा बरं! उत्तर दहाच्या आसपास यायला हवं.