माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ का विझते?

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेसाठी दारावर जुनी दिव्यांची माळ लावली. एक दिवा उडाला नि अख्खी माळ बंद पडली! घरातला एक बल्ब गेला तर बाकीचे मात्र चालू राहतात. असं का?
– इयत्ता सातवीतील विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : घरात 230 व्होल्टची वीज येते. माळेतला इवलासा दिवा मात्र साधारण 6 व्होल्टचा. थेट जोडला तर क्षणात जळेल. म्हणून असे 38-40 दिवे एकामागोमाग ओवतात. 230 व्होल्टचं विभवांतर सगळ्यांत वाटलं जातं. ही एकसर जोडणी. धारेला वाट एकच, त्यामुळे एका दिव्यातली तार तुटली की सगळा अंधार. घरातले दिवे समांतर जोडलेले असतात, प्रत्येकाला पूर्ण 230 व्होल्ट आणि स्वतःची वाट. आपल्याकडचा यंत्रमागाचा कारखाना आठवा : एका मागाची मोटर थांबवली तरी शेजारचा खडखडत असतोच.

पडताळून पाहायचंय? टॉर्चचे दोन सेल एकापुढे एक लावा, म्हणजे 3 व्होल्ट. 3 व्होल्टचे दोन बल्ब आधी एकसर, मग समांतर जोडा. एकसर जोडल्यावर दोन्ही मिणमिणतील. माळ मात्र प्लगमध्ये असताना उघडू नका. विझलेल्या माळेतही वीज असते.