वात ओली ठेव

लेस्टर
१४ सप्टेंबर २०२५

चि. ओंकारास,


परवा फोनवर तू म्हणालास, ‘मामा, पॉडला जळका वास येतो, खिशात लिक्विड गळतं, डोकं उठलं. शेवटी खाली जाऊन सिगारेटचं पाकीट आणलं.’ गळतीचं आणि वासाचं मला काही वाटलं नाही, त्यावर उपाय आहेत. ते शेवटचं वाक्य मात्र मनात रुतून बसलं, म्हणून सविस्तर लिहितोय. फोनवर सांगितलेलं विसरायला होतं. हे पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेव.

मी बावीस वर्षं सिगारेट ओढली. पुण्यात टपरीवर सुरू झालेली सवय इथल्या थंडीतही सुटेना. शेवटी भरण्याजोगा वेप घेतला, पहिल्याच झुरक्याला घसा करपला आणि तो ड्रॉवरमध्ये टाकून मी पुन्हा चार महिने सिगारेटी ओढल्या. यंत्रात खोट नव्हती. नवी कॉइल भिजू न देताच मी बटण दाबलं होतं. दहा मिनिटं थांबलो असतो, तर ते चार महिने वाचले असते. तुझं तसं होऊ नये, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी आत काय चालतं ते समजून घे. पॉड म्हणजे लिक्विड भरायची डबी. तिच्यातली कॉइल म्हणजे धातूची बारीक तार किंवा जाळी आणि तिला लागून कापूस. बॅटरीने तार तापते आणि कापसातल्या लिक्विडची वाफ होते. आजी समई लावायच्या आधी वात तेलात भिजवायची, आठवतंय? वात तेल पीत असते तोवर संथ जळते. तेल आटलं की स्वतःच करपते आणि घरभर जळका वास सुटतो. तुझ्या पॉडचं अगदी तेच झालंय.

म्हणून नवी कॉइल घातलीस की तिच्या बाजूच्या भोकांतून कापसावर तीन-चार थेंब सोड. मग पॉड खुणेपर्यंतच भर, काठोकाठ नको. भरलेला पॉड खिडकीपाशी धरून बघ: कापूस लिक्विड पितो तसे बारीक बुडबुडे वर येतात. दहा मिनिटं तो तसाच उभा ठेव आणि तोवर चहा कर. तुझ्या यंत्रात वॉट बदलता येत असतील, तर कॉइलवर छापलेल्या मर्यादेतल्या सगळ्यांत खालच्या आकड्यापासून सुरुवात कर.

एवढं करूनही जळका वास आला, तर तीन गोष्टी तपास. झुरक्यामागून झुरका मारत असशील, तर कापसाला पुन्हा भिजायला वेळ मिळत नाही. मध्ये अर्धा मिनिट जाऊ दे. पॉड तळाला आला असेल, तर वेळेत भर. आणि बाटलीवरचं प्रमाण वाच. ज्यात ग्लिसरीन सत्तर टक्के आहे, ते लिक्विड लहान कॉइलच्या भोकांतून नीट आत शिरत नाही. तुझ्या छोट्या पॉडला ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल निम्मं-निम्मं असलेलं घे. कापूस एकदा करपला की पुन्हा सुधारत नाही, कॉइल सरळ फेकून दे. ‘अजून दोन दिवस चालेल’ असं म्हणू नकोस, कारण कोरडा कापूस तापला की फॉर्मल्डिहाइडसारखी घातक द्रव्यं तयार होतात. एरवीही कॉइल आठवडा-दोन आठवडेच टिकते. तुझ्या त्या गोड आंब्याच्या स्वादाने त्याहूनही लवकर जाते, कारण गोडी तारेवर जळून काळा थर धरते.

आता गळती. तू ज्याला गळणं म्हणतोस, त्यातलं बरंचसं म्हणजे थंड होऊन साचलेली वाफच असते. हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू आली की पॉड काढ, टिश्यूत गुंडाळ, तोंडाची बाजू खाली करून दोन-चारदा झटक, मग हवेची वाट आणि बॅटरीवरची खाच पुसून घे. खरोखरच गळत असेल, तर कॉइल घट्ट बसली आहे का आणि रबरी रिंग चिरली आहे का, ते बघ. स्ट्रॉने घट्ट मिल्कशेक ओढतोस तसं ओढू नकोस. त्यानेच कॉइल बुडते. पँटच्या खिशात अंगाच्या उबेने लिक्विड पातळ होतं आणि आडवं पडलं की वाट शोधतं. म्हणून पॉड बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात उभा ठेव.

दिवा नुसताच लुकलुकतो आणि वाफ येत नाही, असं झालं की घाबरू नकोस. बहुतेक वेळा पॉडच्या तळाच्या आणि बॅटरीच्या पितळी ठिपक्यांवर चिकट थर बसलेला असतो. कान कोरायची कापूसकाडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून ठिपके पूस आणि वाळू दे. कॉइल वेगळी निघत असेल, तर रिकामा पॉड कोमट पाण्याने धुऊन रात्रभर वाळव. कॉइल आतच बसवलेला पॉड मात्र धुवायचा नाही, बदलायचा.

लिक्विड नेहमी चांगल्या दुकानातून, सीलबंद बाटलीतलंच घे. इथल्या कायद्याने बाटली १० मिलीलिटरपेक्षा मोठी नको, पॉड २ मिलीलिटरपेक्षा मोठा नको आणि निकोटिन मिलीलिटरला २० मिलीग्रॅमच्या वर नको. या आकड्यांपलीकडचा माल कुणी स्वस्तात देऊ केला, तर हात लावू नकोस. लिक्विडमध्ये कुठलंही तेल घालू नकोस, निलगिरीचंसुद्धा नाही. तेल फुप्फुसात गेलं की घात करतं. अमेरिकेत २०१९ साली गांजाच्या अर्काच्या, मुख्यतः चोरट्या बाजारातल्या काडतुसांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे तेलकट द्रव्य मिसळलेलं होतं. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०० हून अधिक माणसं दवाखान्यात पोचली आणि ६८ दगावली. निकोटिन हे विष आहे, हेही विसरू नकोस. हातावर सांडलं तर लगेच साबणाने धू. तुझ्या घरमालकिणीची लहान मुलगी घरभर फिरत असते. बाटली तिचा हात पोचणार नाही अशा जागी ठेव.

चार्जिंग बिछान्यावर किंवा झोपेत करू नकोस. बॅटरी फुगली किंवा दबली तर वापर तिथेच थांबव. ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, दुकानात परत द्यायची. एकदा वापरून फेकायच्या वेपवर इथे १ जूनपासून बंदी आली, त्याला अशा डब्यात पेटणाऱ्या बॅटऱ्याही कारण होत्या.

हे सगळं तुला वेपचा शौकीन करण्यासाठी सांगत नाही. हा जिना आहे आणि जिन्यावर कुणी बिऱ्हाड करत नाही. सिगारेटच्या धुरापेक्षा ही वाफ बरीच कमी घातक आहे, असं इथली आरोग्यसेवा सांगते. निर्धोक आहे असं मात्र ती म्हणत नाही. म्हणून जो सिगारेट ओढत नाही, त्याला गंमत म्हणूनही झुरका देऊ नकोस. आणि तू स्वतः निकोटिनच्या वीस मिलीग्रॅमवरून दहावर ये, मग सहा, तीन, शून्य. दहावर आल्यावर बाटल्या जास्त लागायला लागल्या, तर घाई झाली असं समज आणि आणखी दोन आठवडे तिथेच थांब. मला शून्यावर यायला चौदा महिने लागले. लागले तर लागू देत.

शेवटचं. दिवाळीला घरी जातोयस. भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशापासून ई-सिगारेट आणणं, विकणं, साठवणं सगळं बंद आहे. आणण्या-विकण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सामानात पॉड सापडला, तर ताईच्या दिवाळीचं काय होईल याचा विचार कर. तिला मी काही बोललेलो नाही, बोलणारही नाही. निघण्याआधी दोन दिवस इकडे येणारच आहेस, तेव्हा पॉड, चार्जर, बाटल्या सगळं माझ्या हातात दे. तलफ आली तर निकोटिनचा च्युइंगगम तिथल्या औषधाच्या दुकानात मिळतो. वापरायचा कसा, ते दुकानदाराला विचार.

परत आलास की तुझी वस्तू जशीच्या तशी, धुऊन-पुसून ठेवलेली मिळेल. तू मागितलीस तर एक शब्दही न बोलता देईन. तू मागू नयेस, एवढीच माझी इच्छा आहे.

आणि ते उरलेलं पाकीट आजच पाण्यात बुडवून टाक.

तुझा,
मामा