घरातील कुंड्या आणि घरातील हवा

मराठवाड्यातील जुन्या घरात झाडांची जागा ठरलेली असे. अंगणात तुळशीचे वृंदावन, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा अळू, परसात कढीपत्ता आणि शेवगा. घराच्या आत मात्र झाड नसे. माळवदाच्या घरांच्या भिंती मातीच्या व जाड, खिडक्या लहान आणि मोजक्या. आत उजेडच बेताचा, तेथे झाड जगणार कसे? परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आलेल्या हिंगोली जिल्ह्यात हे चित्र आता पुष्कळ पालटले आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी येथे सिमेंटच्या छताची घरे उभी राहिली, अंगणे आक्रसली, आणि अंगणातील हिरवाई कुंडीत बसून बैठकीच्या खोलीत आली.

ही गोष्ट स्वागतार्हच होय. तथापि रोप विकत घेताना “हे झाड घरातील हवा शुद्ध करते” असे जे हमखास ऐकावयास मिळते, ते कितपत खरे आहे हे पाहणे अगत्याचे आहे. कारण कुंडीवर भिस्त ठेवून खिडकी बंद राहिली, तर त्याचा भार चुलीपाशी बसणाऱ्या गृहिणीच्या आणि तिच्या कडेवरील मुलाच्या फुप्फुसांवर पडतो.

पुदिन्याची फांदी

या समजुतीचे मूळ अडीचशे वर्षांमागील एका प्रयोगात आहे. १७७१ साली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेच्या बंद पात्रात मेणबत्ती विझेपर्यंत जाळली आणि त्या हवेत पुदिन्याची एक फांदी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली. पुढे १७७९ मध्ये यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवून दिले की हे कार्य केवळ झाडाचे हिरवे भाग करतात, आणि तेही उजेडातच. अंधारात झाडेही आपल्यासारखाच श्वास सोडतात. झाड हवा शुद्ध करते आणि रात्री झाडाजवळ निजू नये, या आपल्याकडील दोन्ही समजुतींना या दोन प्रयोगांत आधार सापडतो. गुण खरा आहे. परंतु प्रमाणाचा विचार मागे राहिला आहे.

थोडा हिशेब करून पाहू. प्रौढ माणूस दिवसभरात सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो. झाडाच्या अंगी एक ग्रॅम कोरडी वाढ होण्यास हा वायू सुमारे दीड ग्रॅम लागतो. कुंडीतील रोप घरातील मंद उजेडात दिवसाला एक ग्रॅमही वाढले तरी पुष्कळ झाले. तेव्हा एका माणसाच्या श्वासाचा हिशेब चुकता करावयाचा तर शेकडो कुंड्या हव्यात, मग निजावयास जागा उरणार नाही. याच हिशेबाने रात्री कुंडीजवळ झोपण्यात भय नाही, हेही उघड होते. शेजारी झोपलेले भावंड त्या रोपापेक्षा कितीतरी अधिक वायू सोडते, पण त्यास कोणी खोलीबाहेर काढीत नाही! कोरफडीसारख्या काही वनस्पती रात्रीही हा वायू शोषतात हे खरे. पण तेथेही प्रमाण अल्पच.

रंग, प्लास्टिक, गोंद यांतून निघणाऱ्या विषारी वायूंसंबंधी १९८९ साली अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेने केलेला अभ्यास वारंवार सांगितला जातो. रोपे व त्यांच्या मुळाशी असलेली माती यांनी काही वायू शोषले, हे त्यात आढळले. मात्र तो प्रयोग लहानशा, पूर्ण बंद पेट्यांमध्ये झाला होता, घरात नव्हे. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा असे दिसून आले की इमारतीत एरवी सहज होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करण्यास प्रत्येक चौरस मीटर जागेत दहापासून हजारापर्यंत रोपे लागतील. समोरासमोरच्या दोन खिडक्या घटकाभर उघडल्या तर हे काम विनामूल्य होते.

यास्तव ज्या घरात अजून लाकूड, पऱ्हाट्या वा गोवऱ्या जळतात, तेथे प्रथम धूर बाहेर काढण्याची सोय करावी. २०१६ पासून उज्ज्वला योजनेखाली गॅसजोडण्या मिळाल्या. पण टाकी भरून आणणे परवडत नाही म्हणून अनेक घरांत चूल पुन्हा पेटते, ही वस्तुस्थिती आहे. अशा स्वयंपाकघरात धुरांड्याचे काम मनीप्लँट करू शकणार नाही.

मग कुंडी ठेवावी कशासाठी?

पहिले कारण मनाचे आहे. १९८४ साली रॉजर उलरिख यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयातील पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. ती झाडे खिडकीबाहेरची होती, कुंडीतील नव्हती, हे ध्यानी ठेवले पाहिजे. तरीही अंथरुणाला खिळलेल्या वृद्धास रोज नवे पान फुटताना दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. त्यांच्या हाती पाणी घालण्याचे काम सोपवावे. दिवसाला एक निमित्त मिळते.

दुसरे कारण उन्हाचे. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. पश्चिमेच्या खिडकीवर वा पत्र्यावर दोडक्याचा, दुधीचा वेल चढविण्याची आपल्या खेड्यांतील रीत यासाठी फार शहाणपणाची आहे. ऊन पानांवर अडते आणि भिंत तापत नाही. फक्त वेल उन्हाळ्यापूर्वी पुरेसा वाढलेला हवा.

तिसरे कारण ताटातले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. खिडकीतील मेथी, राजगिरा, आंबट चुका यांच्या चार कुंड्यांनी हा प्रश्न सुटणार नाही, आणि आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांना तो पर्यायही नव्हे. परंतु भाजीबाजार आठवड्याला एकदाच भरतो अशा गावी ताजा पाला हाताशी असणे उपकारक ठरते. भाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये. तुळस, अडुळसा, गवती चहा यांचा काढा सर्दीत घशाला आराम देतो. खोकला मात्र दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर काढ्यावर दिवस न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगाची ही तपासणी व उपचार मोफत आहेत.

सावधगिरी

डेंग्यू पसरविणारा एडीस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. मनीप्लँटची बाटली आणि कुंडीखालची ताटली ही त्याची आवडती ठिकाणे होत. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा आणि भांडे नुसते ओतून न देता आतून घासावे, कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. ठिपकेदार पानांचा डिफेनबेकिया रांगत्या मुलांपासून दूर ठेवावा. कच्च्या अळूने घसा खाजतो, तोच दोष याच्या पानात फार तीव्र असतो. कण्हेर तर घराजवळ नकोच.

आता लागवडीविषयी थोडे. आपली काळी माती शेतात सोने असली तरी कुंडीत एकटी वापरू नये. ती पाणी धरून मुळे कुजविते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात निम्मे कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू वा बारीक मुरूम मिसळावा. तळाला छिद्रे पाडलेला तेलाचा डबा वा फुटका माठ कुंडीसारखाच उपयोगी. पाणी टंचाईच्या दिवसांत भाजी-तांदूळ धुतलेले घालावे.

आणि रोप कोणते, असे विचाराल तर हिंगोलीकरांनी दुकानात शोधण्याचे कारण नाही. वसमतची हळद दूरदूरच्या बाजारात जाते, पण घरातील शोभेचे झाड म्हणून तिचा विचार क्वचितच होतो. हळदीस थोडी सावली मानवते, आणि तिची रुंद, तजेलदार पाने कोणत्याही परदेशी रोपाहून उणी नाहीत. अक्षय्य तृतीयेपासून जूनपर्यंत केव्हाही शेजारच्या शेतकऱ्याकडून डोळे फुगलेला एखादा गड्डा आणून ओसरीतील रुंद कुंडीत चार बोटे खोल लावावा. पाऊणएक वर्षाने पाने पिवळी पडून वाळली की पाणी तोडावे आणि पंधरवड्याने कुंडी उपडी करावी. निघालेल्या ओल्या हळदीचे लोणचे घालता येते. एक निरोगी गड्डा मात्र पुढील लागवडीसाठी सावलीत पाचोळ्याखाली राखून ठेवावा.