आकाशाची वेस

“अग्निबाण आकाश भेदून गेले, मग तुमच्या देवाचे घर का सापडले नाही?” असा प्रश्न उपदेशक बंधूंस खेडोपाडी कोणी विचारतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आकाशाचा आरंभ कोठे होतो, हे पाहू.

गावाची वेस ओलांडली म्हणजे गाव सुटले. हवेचे तसे नाही. जसजसे उंच जावे तसतशी ती विरळ होते. सुमारे साडेपाच किलोमीटर चढल्यावर निम्मी हवा पायांखाली राहते. १०० किलोमीटरवर ती इतकी पातळ होते की, विमानाचे पंख तिच्यावर तरू शकत नाहीत. तेथे विद्वानांनी कारमान रेषा कल्पिली व पुढे अंतराळ मानिले. अमेरिकेत मात्र ८० किलोमीटरच धरितात. सारांश, ही वेस मनुष्यांनी ठरविलेली आहे.

तिच्यापलीकडेही हवा संपत नाही. सुमारे ६०० किलोमीटरवर शेवटचा थर, बाह्यावरण, लागतो. तेथील कण एकमेकांस क्वचितच भेटतात. काही पृथ्वीकडे परततात, काही कायमचे निसटतात. हायड्रोजनचे असे तुरळक कण चंद्राच्याही पलीकडे, सुमारे ६ लक्ष ३० हजार किलोमीटरपर्यंत आढळतात, असे सोहो नामक यानाच्या निरीक्षणांवरून २०१९ साली प्रसिद्ध झाले.

तेव्हा विचारणाऱ्यास नम्रपणे सांगावे: “बाबा, हवेचीही वेस आम्हांस नेमकी दाखविता येत नाही, मग देवाचे घर कोसांनी कसे मोजावे? तो उंचीवर सापडत नसतो. नम्र अंतःकरणाजवळ असतो.”

मननार्थ प्रश्न: आपण देवाला कोठे दूर ठेविले आहे?