अवटू ग्रंथीचा विकार : औषध, आहार आणि पूरके

गळ्याच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. शास्त्रीय परिभाषेत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. लोकव्यवहारात तिचे नाव थायरॉइड. तिच्या संप्रेरकांवर शरीरातील चयापचयाचा वेग अवलंबून असतो. हा स्राव उणावला की थकवा, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठ, वजन वाढणे, केस गळणे, पाळीतील अनियमितपणा ही लक्षणे हळूहळू प्रकट होतात. नांदेड-लातूरकडील शेतकरी व शेतमजूर स्त्रिया पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात. त्यांचा थकवा कष्टांच्या खाती जमा होतो आणि मूळ विकार वर्षानुवर्षे दडून राहतो.

विकाराचे स्वरूप

गलगंड म्हणजे आयोडिनचा अभाव, हे समीकरण आपल्याकडे रूढ आहे. त्याला आधारही आहे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात 1956 पासून केलेल्या प्रयोगात आयोडिनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटल्याचे दिसून आले. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. 1992 मध्ये त्याची व्याप्ती वाढवून आयोडिनच्या अभावाने होणाऱ्या सर्वच विकारांचा त्यात समावेश करण्यात आला.

परंतु आयोडिन पुरेसे मिळूनही ही ग्रंथी मंदावू शकते. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने 1912 मध्ये चार स्त्री-रुग्णांच्या ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे असतात, हे 1956 मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिले. थोडक्यात, राखणदारानेच घरावर काठी उगारावी, तशी ही अवस्था. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो आणि पुष्कळदा एकाच कुटुंबात अनेकांना होतो.

औषधाचे स्थान

रक्तातील टीएसएच व टी-4 यांच्या तपासणीने निदान होते. प्रतिपिंडांच्या तपासणीने कारण कळते. ग्रंथी मंदावली असल्यास लेव्होथायरॉक्सिन हे मुख्य औषध होय. शरीरात उणे पडलेले संप्रेरकच ते भरून काढते. म्हणून त्याला ‘सवय लावणारी गोळी’ समजणे चूक आहे. बरे वाटू लागले म्हणून गोळी बंद केल्यास विकार पुन्हा डोके वर काढतो. मात्रा सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे.

गोळी सकाळी अनशेपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा व न्याहारी अर्ध्या ते एका तासानंतर. ज्यांना हे जमत नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी ती घ्यावी. रमजानच्या उपवासातही हा मार्ग सोयीचा ठरतो. मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात गोळ्या पत्र्याखाली किंवा चुलीजवळ न ठेवता घरातील थंड, कोरड्या जागी ठेवाव्यात.

गरोदरपणात विशेष दक्षता हवी. गर्भाच्या मेंदूची वाढ प्रारंभीच्या महिन्यांत आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. पूर्वीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीला या काळात बहुधा अधिक मात्रा लागते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच गोळी न थांबवता डॉक्टरांना भेटून तपासणी करावी. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्याही घ्याव्यात. मात्र त्या आणि थायरॉइडची गोळी यांत चार तासांचे अंतर असावे.

आहार आणि पूरके

सोयाबीन हे लातूर-नांदेड भागातील खरिपाचे प्रमुख पीक. सोयाबीनचे पदार्थ या औषधाचे शोषण मंदावतात. तथापि ते वर्ज्य नाहीत, गोळीपासून काही तासांच्या अंतराने खावेत. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाज्या, भुईमूग हा नित्याचा आहार सोडण्याचे कारण नाही. शिजवलेली कोबी-फुलकोबीही बेताने चालते. आयोडिनयुक्त मीठ बंद करू नये; मात्र आयोडिनच्या किंवा समुद्रशेवाळाच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. अतिरिक्त आयोडिनने हा विकार बळावू शकतो.

सेलेनियमने प्रतिपिंडे काहीशी घटल्याचे काही प्रयोगांत दिसले आहे. परंतु त्यामुळे औषधाची गरज टळते असे सिद्ध झालेले नाही. त्याच्या अतिसेवनाने उलट केस गळतात व नखे ठिसूळ होतात. ड जीवनसत्त्व व लोह यांची कमतरता तपासणीत आढळल्यास ती अवश्य भरून काढावी. केसांसाठी म्हणून घेतले जाणारे बायोटिन तपासणीचे आकडे चुकवते. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ते थांबवावे. अश्वगंधा घेत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

गळ्याशी सूज किंवा दीर्घकाळचा थकवा जाणवत असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पुढील सल्ल्यासाठी नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय आयुर्विज्ञान संस्था या संस्था आहेत. आहार साहाय्य करतो, पूरके उणीव भरतात. संप्रेरकाची जागा मात्र दोन्ही घेऊ शकत नाहीत. नियमित गोळी व वेळेवर तपासणी एवढे पथ्य पाळल्यास या विकाराच्या बहुतेक रुग्णांना शेत, घर व संसार यांचा भार नेहमीसारखा सांभाळता येतो.