स्तनदा माता आणि संततिनियमनाची संप्रेरके

अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस दिवस राहत नाहीत, ही समजूत आपल्या देशाच्या बहुतेक सर्व प्रांतांत आढळते. ती सर्वथा खोटी असती, तर तिचे निराकरण करणे सोपे गेले असते. परंतु ती काही काळापुरती खरी आहे, आणि तो काळ केव्हा संपतो हे तीत सांगितलेले नाही. त्यामुळे पहिले मूल आठ-दहा महिन्यांचे असतानाच दुसऱ्याची चाहूल लागलेल्या माता प्रसूतिगृहांतून वारंवार भेटतात. एका प्रसूतीनंतर पुन्हा गर्भ राहण्यापूर्वी निदान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्याहून फार लवकर गर्भ राहिल्यास दुसरे मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा संभव वाढतो, मातेचा रक्तक्षय भरून निघत नाही, आणि पहिल्या मुलाचे अंगावरचे दूध बहुधा अकाली तुटते.

या समजुतीत तथ्य किती, ते प्रथम पाहू. मूल स्तन चोखते तेव्हा स्तनाग्रातील मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूच्या तळाशी संदेश पोहोचतात. त्यांच्या योगे एकीकडे दूध उत्पन्न करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते, तर दुसरीकडे बीजकोशांना जागे करणाऱ्या संप्रेरकांचा नियमित स्पंदरूप स्राव मंदावतो. परिणामी स्त्रीबीज पक्व होत नाही व पाळी येत नाही. चोखणे जितके वारंवार, विशेषतः रात्रीच्या वेळी, तितका हा प्रतिबंध दृढ. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी या नैसर्गिक संरक्षणाच्या तीन अटी निश्चित केल्या: मूल सहा महिन्यांच्या आतील असावे, ते रात्रंदिवस जवळजवळ सर्वस्वी अंगावरच्या दुधावर असावे, आणि मातेची पाळी परत सुरू झालेली नसावी. या तिन्ही अटी पाळल्या जात असताना सहा महिन्यांत १०० पैकी सुमारे दोघींनाच गर्भ राहतो. तथापि एक जरी अट ढळली, तरी हा हिशेब लागू राहत नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. स्त्रीबीज बाहेर पडते ते पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी. म्हणून प्रसूतीनंतरची पहिली पाळी दिसण्यापूर्वीच गर्भ राहू शकतो. ‘पाळी आली की पाहू’ असे म्हणून थांबणे धोक्याचे ठरते, ते यामुळेच. आपल्याकडे मुलाचे उष्टावण बहुधा सहाव्या महिन्याच्या सुमारास होते. ज्या दिवशी मुलाच्या मुखी भात पडतो, त्या दिवसापासून दुधाचे संरक्षण पुरेसे मानता येत नाही. संततिनियमनाचा उपाय त्या दिवसापूर्वीच सुरू झालेला असावा.

संप्रेरकयुक्त उपायांचे दोन वर्ग आहेत. पहिल्यात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टोजेन अशी दोन द्रव्ये एकत्र असतात. दुसऱ्यात केवळ प्रोजेस्टोजेन असते. स्तनदा मातेच्या बाबतीत सर्व भेद या एका मुद्द्यापाशी येऊन ठेपतो, म्हणून त्याचा थोडा विस्तार करणे अवश्य आहे.

गर्भारपणात मातेच्या रक्तात ही दोन्ही संप्रेरके विपुल असतात; स्तन तयार होतात, परंतु दूध वाहत नाही. वार पडल्यावर संप्रेरकांची पातळी झपाट्याने उतरते आणि दोन ते चार दिवसांत स्तन दुधाने भरून येतात. इस्ट्रोजेन दुधाच्या विरुद्ध जाते, हे वैद्यांस फार पूर्वीपासून ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या मध्यास, ज्या मातांना पाजावयाचे नसे त्यांचे दूध आटविण्यासाठी इस्ट्रोजेनच मोठ्या मात्रेत देत असत. पुढे त्यामुळे शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचे भय आढळून आले व ती प्रथा मागे पडली. १९६० साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या पहिल्या संततिनियामक गोळीत १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होते. आज आपल्या सरकारी आरोग्यकेंद्रांतून मिळणाऱ्या ‘माला-एन’ या गोळीत ते ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे पाचवा हिस्सा आहे. दूध घटण्याचा धोका त्या मानाने उणावला असला, तरी संशोधनाचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. शिवाय प्रसूतीनंतरचे पहिले काही आठवडे रक्त गोठण्याची प्रवृत्ती स्वभावतःच वाढलेली असते. इस्ट्रोजेन तीत भर घालते. म्हणून नियम असा की, अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने प्रसूतीनंतर सहा आठवड्यांच्या आत संयुक्त गोळी मुळीच घेऊ नये. सहा आठवडे ते सहा महिने या काळातही, अन्य उपाय उपलब्ध असेल तर, टाळावी. सहा महिन्यांनंतर ती सामान्यतः घेता येते. मात्र रक्तदाब वाढलेला असल्यास, पूर्वी गुठळी झाली असल्यास, किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठत असल्यास घेऊ नये.

व्यवहारात घोटाळा होतो तो असा. गर्भारपणाच्या आधी आणलेले माला-एनचे अर्धे पाकीट घरात पडलेले असते. मूल दीड महिन्याचे झाले की स्त्री तेच पुन्हा सुरू करते. दूध कमी वाटले म्हणजे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया दोष तिच्या आहाराला देतात, आणि बाटली हाती येते. बाटली आली की चोखणे कमी होते, चोखणे कमी झाले की दूध खरोखरच आटते. ‘गोळी’ हा एकच शब्द दोन भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो, हे या अनर्थाचे मूळ आहे. औषधाच्या वेष्टनावर ‘एथिनिल इस्ट्रॅडिऑल’ हे नाव आहे किंवा नाही एवढे जरी वाचून घेतले, अथवा परिचारिकेकडून वाचवून घेतले, तरी घोटाळा टळतो.

केवळ प्रोजेस्टोजेनची गोळी दुधास अपाय करीत नाही. औषधाचा अत्यल्प अंश दुधात उतरतो, परंतु त्यामुळे मुलाच्या वाढीवर दुष्परिणाम झाल्याचे आढळलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ही गोळी प्रसूतीनंतर लवकरही सुरू करता येते. सहा आठवड्यांनंतर तर तिच्याविषयी काहीच शंका उरत नाही. भारतात डेसोजेस्ट्रेलची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी मिळते. तिच्या २८ गोळ्यांत एकही पोकळ गोळी नसते. एक पाकीट संपताच दुसऱ्या दिवशी दुसरे सुरू करावयाचे असते. माला-एनमध्ये मात्र शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात. त्या सवयीने काही स्त्रिया येथेही आठवडाभर थांबतात व फसतात.

गोळी रोज ठराविक वेळी घ्यावी. डेसोजेस्ट्रेलच्या गोळीस बारा तासांपर्यंत उशीर चालतो. लेव्होनॉर्जेस्ट्रेल किंवा नॉरएथिस्टेरोनच्या जुन्या प्रकारच्या गोळ्यांस तीन तासांहून अधिक नाही, कारण त्यांचा मुख्य भर गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव दाट करण्यावर असतो व तो परिणाम दिवसाच्या आतच ओसरू लागतो. याहून उशीर झाल्यास आठवताच गोळी घ्यावी, पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी, आणि दोन दिवस निरोध वापरावा. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत वांती झाल्यास दुसरी घ्यावी. चौथ्या महिन्यात गोळी विसरलेल्या स्त्रीस दुधाचे संरक्षण सावरून घेते, नवव्या महिन्यात ते सावरत नाही. पहिल्या सहा महिन्यांत अंगवळणी पडलेली हयगय पुढे महागात पडते ती यामुळेच.

रोजची आठवण ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी ‘अंतरा’ हे इंजेक्शन आहे. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरोनची १५० मिलिग्रॅमची ही मात्रा दर तीन महिन्यांनी देतात. स्तनदा मातेने ती सहा आठवड्यांनंतर घ्यावी. पुढील मात्रा ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे नंतरपर्यंत घेता येते. टोचलेली जागा चोळू नये. इंजेक्शन थांबविल्यावर गर्भ राहण्यास इतर उपायांपेक्षा सरासरी चार महिने अधिक लागतात, हे दुसऱ्या मुलाचा बेत ठरविताना हिशेबात धरावे.

या वर्गातील सर्व उपायांत रक्तस्राव अनियमित होतो. मध्येच डाग दिसतात, किंवा पाळी महिनोन्‌महिने येत नाही. वैद्यकदृष्ट्या हे बहुधा निरुपद्रवी असते. परंतु ज्या घरांत पाळीच्या दिवसांत स्त्रीस स्वयंपाकघर व देवघर वर्ज्य असते, तेथे पंधरा दिवस अधूनमधून दिसणारा डाग ही केवळ वैद्यकीय बाब राहत नाही. उपाय मध्येच सोडून देण्याचे हे एक मोठे कारण आहे. आधीच स्पष्ट सांगून ठेवले असता स्त्रिया धीर धरतात; न सांगता टोचणाऱ्याने मात्र तक्रारीबद्दल नवल करू नये.

‘छाया’ ही गोळी या दोन्ही वर्गांबाहेरची आहे. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत शोधलेले सेंटक्रोमॅन हे द्रव्य तीत असते. ते संप्रेरक नव्हे, आणि स्तनदा मातेस चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठराविक दिवशी व पुढे आठवड्यातून एकदा ती घ्यावयाची असते. नुकतीच कावीळ झालेल्या किंवा यकृताचा विकार असलेल्या स्त्रीने ती घेऊ नये. तांबी बसवून घेणाऱ्या स्त्रीस तर कोणत्याच वेळापत्रकाची चिंता नसते. ती प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत किंवा चार आठवड्यांनंतर बसवितात.

क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधे गोळीचा परिणाम दुर्बळ करतात. अशा उपचारांवर असलेल्या स्त्रीने ते डॉक्टरांस अवश्य सांगावे; तिच्यासाठी अंतरा किंवा तांबी अधिक भरवशाची होय. स्तनाचा कर्करोग असताना संप्रेरकयुक्त कोणताही उपाय वर्ज्य आहे.

चूक होऊन गेलीच, तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, घ्यावी; त्यासाठी मुलास पाजणे थांबविण्याचे कारण नाही. ज्या स्त्रीची पाळीच सुरू झालेली नाही, तिला ‘पाळी चुकली’ ही खूण मिळत नाही. म्हणून मळमळ, अनाकलनीय थकवा, किंवा मुलाने अकस्मात दूध नाकारणे यांपैकी काही दिसताच मूत्रपरीक्षा करून घ्यावी. आशा कार्यकर्तीपाशी तिचे साधन असते. गर्भ राहिल्याचे निष्पन्न झाल्यास गोळी बंद करावी. तोवर नकळत घेतलेल्या प्रोजेस्टोजेनच्या गोळ्यांनी गर्भास इजा होत असल्याचे आढळलेले नाही.